पाणी धरून ठेवणारं भांडं

सीताबर्डीची लढाई १८१७च्या नोव्हेंबरात झाली. त्यानंतर चारच वर्षांनी, १८२१ साली, नागपूरच्या ईशान्येला कन्हान नदीकाठी इंग्रजांनी लष्करी छावणी वसवली. तीच कामठी. आधी मद्रास सैन्याच्या पलटणी, त्यांच्यासोबत आलेली तमिळ आणि तेलुगू कुटुंबं, मग गोऱ्या सोजिरांच्या बराकी आणि आज गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र. दोनशे वर्षांत इथल्या बंदुका बदलल्या, गणवेश बदलले, राज्य बदललं. एक काम मात्र रोज पहाटे होत राहिलं. परेडला उभं राहण्याआधी दाढी झालेली हवी.

या कामासाठी माणसानं एक वेगळं भांडं घडवलं: दाढीचा मग. चिनीमातीचा, रुंद तोंडाचा, जाड कानाचा. काहींच्या कडेला जाळीदार कप्पा असतो. साबणाची वडी त्यावर ठेवायची, म्हणजे पाणी निथळून खाली जातं. काहींना पुढे चोच असते, त्यातून ब्रश गरम पाण्यात बुडतो आणि वर वेगळ्या वाटीत फेस तयार होतो. या चोचीच्या मगाची घडण कोळशाच्या बादलीवरून घेतलेली आहे, आणि कामठीच्या आसपास कोळशाच्या खाणी आहेत हा एक सुंदर योगायोग. आज जगभर हौशी लोक असे जुने मग जमवतात, जुन्या वळणाचे नवे मग घडवून घेतात आणि ब्रश, साबण, पातं घेऊन सावकाश दाढी करतात. नळीतून फसकन बाहेर येणारा तयार फेस दुकानात मिळत असताना हे कशासाठी? उत्तर शोधायला एका केसापासून सुरुवात करावी लागते.

पात्याचं पोलाद दाढीच्या केसापेक्षा सुमारे पन्नास पट कठीण असतं. तरीही थोड्याच दिवसांत पातं बोथट होतं आणि फेकून द्यावं लागतं. मऊ केस कठीण पोलादाला कसा काय हरवतो? अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतले जानलुका रोशोली आणि जेम तासान यांनी सहकाऱ्यांसह हाच प्रश्न घेतला आणि २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात उत्तर मांडलं. पात्याची धार हळूहळू झिजून गोल होते, हा आपला समज अपुरा निघाला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी केस कापताना पाहिला. केस वाकतो, पात्याला तिरका भिडतो, आणि पोलादाची अंतर्गत रचना जिथं एकसारखी नसते नेमक्या त्या जागी धारेचा सूक्ष्म टवका उडतो. टवक्यामागून टवका जातो आणि पातं निकामी होतं. रोज सकाळी आरशासमोर धातुशास्त्राचा असा प्रयोग चाललेला असतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

मग पात्याला मदत कोण करतं? पाणी. केस हा केराटिन नावाच्या प्रथिनाचा धागा. त्याच्या आतल्या साखळ्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात. पाणी आत शिरलं की यातले बरेच बंध सुटतात. केस आपल्या वजनाच्या जवळजवळ तीस टक्के पाणी पिऊ शकतो. तो जाडीला चौदा-सोळा टक्के फुगतो, लांबीला मात्र जेमतेम एक-दोन टक्के वाढतो. असा भिजलेला केस कापायला कोरड्या केसाच्या तुलनेत फारच कमी जोर लागतो. पण हे लगेच होत नाही. केसाच्या वरच्या थरावर त्वचेचं तेल असतं, ते दूर व्हावं लागतं आणि पाण्याला आत मुरायला दोन-तीन मिनिटं द्यावी लागतात. पाणी कोमट असेल तर काम लवकर होतं.

आपल्या गावांतल्या न्हाव्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होतं. धोकटी उघडायची, पितळेच्या वाटीत पाणी घ्यायचं आणि बोटांनी दाढी चोळत, मळत राहायचं. साबण नसायचाच. नुसत्या पाण्यानं आणि बोटांच्या कसबानं दाढी इतकी भिजवायची की मग वस्तरा सहज फिरेल. संत सेना न्हावी यांनी याच धोकटीतल्या आरशाला आणि चिमट्याला अध्यात्माचा अर्थ दिला. ही हत्यारं हाताळणाऱ्या माणसांकडे किती बारीक निरीक्षण होतं, याची ती साक्ष आहे. दाढीचं खरं काम पाणी करतं, हे त्या वाटीनं कधीच सांगून ठेवलं होतं.

अडचण एवढीच की पाणी गालावर थांबत नाही. ओघळतं, वाळतं. न्हावी पुन्हा पुन्हा बोटं बुडवू शकतो. पण स्वतःची दाढी स्वतः करणाऱ्याच्या एका हातात वस्तरा असतो. त्याला असं पाणी हवं, जे गालावर उभं राहील. हे उभं राहणारं पाणी म्हणजे फेस.

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं आणि दुसरं, लांब शेपटासारखं, पाण्यापासून दूर पळतं. पाण्यात हवा घुसळली की हे रेणू प्रत्येक बुडबुड्याच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी रांग धरतात आणि मधे पाण्याचा पातळ पडदा कोंडून ठेवतात. अंघोळीच्या साबणाचा फेस मोठा आणि चटकन विरणारा असतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक आम्ल भरपूर असतं, आणि त्याचा साबण बनवायला सोडियमच्या जोडीला पोटॅशियमचा अल्कली वापरतात. सोडियममुळे वडी घट्ट राहते, पोटॅशियममुळे ती पाण्यात लवकर सुटते. ग्लिसरीन पाण्याला उडू देत नाही. या सगळ्यांतून बारीक बुडबुड्यांचा, दाट, दमदार फेस निघतो.

या फेसानं मोठमोठ्या बुद्धिमंतांना झुलवलं आहे. सारख्या आकारमानाचे बुडबुडे एकमेकांना चिकटवून अवकाश भरायचा, आणि भिंतींचं एकूण क्षेत्रफळ कमीत कमी ठेवायचं, तर बुडबुड्याचा आकार कोणता असावा? लॉर्ड केल्व्हिन यांनी १८८७ साली चौदा पृष्ठांची एक आकृती सुचवली. शंभरावर वर्षं तिच्याहून सरस आकृती कोणाला सापडली नाही. १९९३ साली डब्लिनच्या डेनिस वेअर आणि रॉबर्ट फेलन यांनी दोन प्रकारच्या बुडबुड्यांची रचना मांडून केल्व्हिन यांना मागे टाकलं, तेही फक्त ०.३ टक्क्यांनी. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या जलतरण संकुलाच्या निळसर भिंती याच रचनेवर उभ्या आहेत. आपल्या हातातल्या मगात ब्रश फिरतो तेव्हा असे लाखो बुडबुडे आपापली जागा शोधत असतात. लहान बुडबुड्यातली हवा शेजारच्या मोठ्या बुडबुड्यात झिरपते, पडद्यांमधलं पाणी खाली उतरत जातं आणि फेस म्हातारा होतो. दाढी पुरी होईस्तोवर हे म्हातारपण लांबवायचं, एवढ्यासाठी साबण, ब्रश आणि मग यांची सगळी घडण आहे.

आता मगाकडे बघा. त्याचं तोंड रुंद, कारण ब्रशच्या केसांना पसरून हवा आत ओढायला जागा लागते. काही मगांच्या तळाशी कंगोरे असतात. ब्रश त्यांवर घासला की मोठे बुडबुडे फुटून बारीक होतात. भिंत जाड असते, उष्णता टिकावी म्हणून. तरी नुसती चिनीमाती फार उष्णता साठवू शकत नाही. त्याच वजनाचं पाणी तिच्या चौपट-पाचपट साठवतं. चोच असलेल्या, दुहेरी पोटाच्या मगाची करामत हीच. खालच्या पोटात गरम पाणी, वर फेस, आणि शेवटचा हात फिरेपर्यंत फेस कोमट. भांडं मुकं असलं तरी त्याच्या प्रत्येक वळणाला कारण आहे.

हे मग कामठीसारख्या छावणीत आले ते साहेबांच्या सामानातून. त्या काळच्या लष्करी शिस्तीचा त्यात वाटा होता. कंपनीच्या मुंबई सैन्यातल्या गोऱ्या सैनिकांना १८५४ साली मिशा सक्तीच्या झाल्या. पुढे अख्ख्या ब्रिटिश लष्कराला नियम लागला: हनुवटी आणि खालचा ओठ साफ करायचा, वरच्या ओठाला हात लावायचा नाही. तो १९१६ पर्यंत टिकला. म्हणजे कित्येक दशकं सैनिकाला रोज सकाळी एकाच चेहऱ्याच्या दोन भागांना दोन नियम लावावे लागत होते. याच काळात इंग्लंडच्या कुंभारांनी चहात मिशी भिजू नये म्हणून आत आडवी पट्टी असलेले कपही काढले. साहेबाच्या बंगल्यात पहाटे दाढीचं गरम पाणी घेऊन येणारा बेअरा आणि साहेब झोपेत असतानाच दाढी उरकणारा न्हावी, हे दोघं त्या काळच्या आठवणींत पुन्हा पुन्हा भेटतात. पण मोहिमेवर, तंबूत, बेअरा सोबत नसताना साहेबाला स्वतःचा मग स्वतःच हाती घ्यावा लागे.

अमेरिकेत या मगाला वेगळंच आयुष्य लाभलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथल्या केशकर्तनालयांत नेहमीच्या गिऱ्हाइकाचा मग फळीवर ठेवलेला असे. त्यावर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव आणि बरेचदा त्याच्या धंद्याचं चित्र रंगवलेलं: लोहाराची ऐरण, खाटकाचा सुरा, रेल्वेवाल्याचं इंजिन. कोरे मग युरोपातून यायचे आणि चित्रं अमेरिकेत काढली जायची. प्रत्येकाचा मग वेगळा ठेवण्यामागे एकाच साबणातून त्वचेचा रोग पसरतो ही भीती होती. पण त्या भीतीतून कष्टकरी माणसांची एक चित्रशाळाच तयार झाली. आज संग्राहक सर्वाधिक धुंडाळतात ते हेच धंद्याचे मग.

ही फळी रिकामी केली ती किंग कॅम्प जिलेट यांच्या सेफ्टी रेझरनं. १९०३ साली त्यांचे जेमतेम ५१ रेझर विकले गेले. पुढच्याच वर्षी ९० हजारांवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारनं सैनिकांसाठी ३५ लाख रेझर मागवले. सैनिक घरी परतले ते स्वतःची दाढी स्वतः करायची सवय घेऊन. दुकानातला मग घरातल्या आरशाखाली आला. १९३८ साली ओल्ड स्पाइसनं पुरुषांसाठीची उत्पादनं काढली तेव्हा त्यांत जहाजाचं चित्र असलेला, मुद्दाम जुन्या वळणाचा मग होता. तोवर मग ही जुन्या काळाची आठवण झाली होती. तरी तो वापरात होताच.

कामठीत या बदलाला आणखी खोल अर्थ आहे. न्हाव्याचा वस्तरा गावात सगळ्यांसाठी नव्हता. अनेक गावांत अस्पृश्य ठरवलेल्या माणसांची दाढी आणि केस करायला न्हाव्याला मज्जाव असे; तो तयार झाला तर गाव त्याच्यावरही उलटे. कोणाच्या चेहऱ्यावरून वस्तरा फिरेल आणि कोणाच्या नाही, यात जातीची उतरंड रोज नव्यानं पक्की होत होती. कामठी ही बाबू हरदास एल. एन. यांची कर्मभूमी. विडी कामगारांना आणि दलितांना संघटित करणारा हा नेता १९३९ साली, ऐन तारुण्यात गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर असताना, १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. पहिली पलटण बेळगावला आणि दुसरी याच कामठीत. पलटणीतल्या जवानाच्या सामानात स्वतःचा रेझर आणि ब्रश असतो. पहाटेच्या तपासणीत त्याच्या हनुवटीला बाकीच्यांचाच नियम लागतो. गावानं नाकारलेली साधी गोष्ट तो आपल्या हातानं, कोणाची परवानगी न घेता करतो. दाढीच्या साध्या सामानात एवढं स्वातंत्र्य मावू शकतं, हे मला या विषयातलं सर्वांत मोठं आश्चर्य वाटतं.

मराठी घरांत चिनीमातीचा मग मात्र क्वचितच रुजला. बंबातलं कढत पाणी अॅल्युमिनियमच्या नाहीतर स्टीलच्या वाटीत घ्यायचं, खिडकीच्या गजाला आरसा अडकवायचा, गोल डबीतल्या साबणावर ब्रश फिरवायचा आणि शेवटी तुरटीचा खडा. धातूची वाटी पटकन निवते, पण तिनं काम भागवलं. म्हणून आपल्याकडे संग्रह करायचा तर नुसत्या विलायती मगांवर थांबू नये. पितळी वाट्या, धोकट्या, वस्तरे, तुरटीच्या डब्या, प्लास्टिकचे मग हे सगळं त्याच गोष्टीचे भाग आहेत. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वज्री आणि अडकित्ते पाहिले की कळतं, रोजच्या वापरातल्या वस्तू एकत्र मांडल्या की त्यांच्यातून अख्खा समाज दिसायला लागतो.

विलायती मग हाती आला तर आधी तो उलटा करा. तळावर पत्त्यांतल्या चौकटीसारखी नोंदणीखूण दिसली तर ती १८४२ ते १८८३ मधली. नोंदणी क्रमांक असेल तर १८८४ किंवा नंतरचा. देशाचं नाव छापलेलं असेल तर तो बहुधा १८९१ नंतरचा. अमेरिकेनं त्या साली आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. मग नखानं टिचकी मारा. खणखणीत नाद आला तर मग अखंड, बसका आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. झिलईवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा असल्या तरी शोभेला हरकत नाही, पण त्यांत साबण आणि मळ मुरतो. जुन्या झिलईत शिसं असू शकतं, म्हणून असा मग चहापाण्याला कधीही वापरू नका. मगासोबत जुना ब्रश मिळाला तर तो नुसता बघायला ठेवा. पहिल्या महायुद्धाच्या काळात घोड्याच्या केसांच्या नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशांमुळे काही जणांना अँथ्रॅक्स झाला होता, आणि या रोगाचे बीजाणू फार चिवट असतात.

रोजच्या वापरासाठी जुन्या वळणाचा नवा मगच बरा. त्यासाठी परदेशातून मागवायची गरज नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभ्या केलेल्या ग्रामोदय संघानं मातीकामाची परंपरा जोपासली आहे. उत्तर प्रदेशातलं खुर्जा चिनीमातीसाठी प्रसिद्ध आहे. कुंभाराला तीन गोष्टी सांगा: तोंड रुंद, भिंत जाड, तळाशी कंगोरे.

कामठीत दाढीला बसायचं तर पाणी ओळखावं लागतं. विहिरीचं नाहीतर बोअरचं पाणी खडकांतून येताना कॅल्शियम आणि मॅग्नेशियम घेऊन येतं. अशा दुष्फेन पाण्यात हे क्षार साबणाच्या रेणूंना पकडतात, पांढरा साका बनतो आणि फेस धरतच नाही. साबण वाईट म्हणून तो बदलण्याआधी एकदा आरओ यंत्राचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घेऊन बघा. फरक पहिल्याच दिवशी दिसेल. क्षार बायकार्बोनेटच्या रूपातले असतील तर पाणी उकळून, निवळून घेतलं तरी भागतं.

ऋतूही ओळखावा लागतो. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ रोजी पारा ३.५ अंशांवर उतरला होता. अशा सकाळी आधी मगात कोमट, मग गरम पाणी घालून तो तापवून घ्या. एकदम उकळतं ओतलं तर चिनीमातीला तडा जाऊ शकतो. मे महिन्यात नळाचंच पाणी पुरेसं तापलेलं असतं; तेव्हा दुहेरी पोटात गार पाणी भरा, फेस आल्हाददायक लागतो.

ब्रश आधी भिजवा आणि हलकासा झटका. साबणावर अर्धा मिनिट फिरवा. मग मगात थेंबाथेंबानं पाणी घालत घोळवत राहा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतील; थांबू नका. हळूहळू ते डोळ्यांना दिसेनासे होतात, फेसाला तकाकी येते आणि तो सायीच्या दह्यासारखा घट्ट बसतो. ब्रश उलटा धरला तरी तो पडत नाही. आता तो गालांवर चढवा आणि दोन मिनिटं काही करू नका. या दोन मिनिटांत पाणी केसांत मुरतं. घाईत दाढी करणारा नेमकी हीच मिनिटं वाचवतो आणि त्याची किंमत पात्याला आणि त्वचेला मोजायला लावतो.

शेवटी एक मागणं. कामठीत, नागपुरात किंवा कुठेही एखादा जुना मग, वाटी किंवा धोकटी तुमच्या हाती आली तर एक चिठ्ठी लिहून तिच्यासोबत ठेवा: कोणाकडून आली, ते काय काम करायचे, कोणत्या सालापर्यंत वापरात होती, पाणी कशात तापवायचे. अमेरिकेतल्या मगांवर माणसाचं नाव आणि धंदा रंगवलेला होता, म्हणून ती माणसं आज आपल्याला माहीत आहेत. आपल्याकडच्या वाट्यांवर कोणी नाव घातलं नाही. छावणीतला जवान, गावातला न्हावी, विडीच्या कारखान्यातला कामगार यांनी रोज हाताळलेल्या या वस्तू अजून घराघरांत आहेत, आणि त्यांच्याबद्दल सांगू शकणारी माणसंही आहेत. त्यांना आत्ताच विचारा.